दोन गाड्यांमधले नव्वद सेकंद

रुळावरचा

नवी मेट्रो सुरू झाली की बातमीत तीन गोष्टी हमखास असतात: कमाल वेग, चकाचक स्टेशनांचे फोटो आणि "चालकाविना धावणार" हे ठळक अक्षरांत. यातल्या पहिल्या गोष्टीचा हिशोब काल सहज मांडून बघितला. दोन स्टेशनांत दीड किलोमीटर अंतर धरा. गाडी वेग घेणार, थोडा वेळ पळणार, ब्रेक मारणार. कमाल वेग ताशी ८० ऐवजी १०० केला तर वाचतात जेमतेम आठ सेकंद. आठ! तेवढा वेळ तर माणूस दारात अडकलेली बॅग आत ओढण्यात घालवतो.

आता दुसरा हिशोब. तीन मिनिटांनी येणारी गाडी दीड मिनिटाने यायला लागली, तर त्याच बोगद्यातून तासाला २० च्या जागी ४० गाड्या जातात. एक फूटही न खणता दुसरा बोगदा मिळाला म्हणायचं. शहरी रेल्वेतली गेल्या पंधरा-वीस वर्षांतली खरी करामत या मधल्या फटीत झाली आहे असं माझं मत आहे, आणि तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण फटीचा फोटो काढता येत नाही.

थोडक्यात तंत्र. जुन्या पद्धतीत मार्गाचे ठरावीक लांबीचे तुकडे पाडलेले असतात. तो एकेक तुकडा म्हणजे ब्लॉक, आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढच्या गाडीचं शेपूट बाहेर पडायला चार मीटर उरले असले तरी अख्खा ब्लॉक भरलेला धरतात आणि मागचीला लाल. नव्या पद्धतीत, म्हणजे सीबीटीसीत, गाडी स्वतःच रेडिओवरून सतत कळवत राहते की मी इथे आहे, माझा वेग इतका. त्यावरून मागच्या गाडीला कळतं की कुठपर्यंत जायची मुभा आहे. गाडीतला संगणक ब्रेकला लागणारं अंतर काढतो आणि तेवढं राखून चालतो. ब्लॉकच गाडीबरोबर सरकतो, म्हणून मूव्हिंग ब्लॉक. कल्पना काही आजची नाही. व्हँकुव्हरची स्कायट्रेन १९८५ पासून अशी चालते, फक्त तिथे निरोप रुळांमध्ये अंथरलेल्या केबलमधून जायचा.

फळ काय मिळतं? लंडनची व्हिक्टोरिया लाइन २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या सोडते, म्हणजे दर १०० सेकंदांनी एक. पॅरिसची लाइन १४ तर ८५ सेकंदांपर्यंत उतरली आहे. या विषयात काम केलेलं कोणी इथे असेल तर भर घाला, चुकत असेन तर कान धरा.

रिले_खोली

धरतो. व्हिक्टोरिया लाइनवर मूव्हिंग ब्लॉक नाही. तिथे ब्लॉक आहेतच, पण छोटे छोटे, आणि पुढे किती अंतर मोकळं आहे ते गाडीला रेडिओने कळतं. तरीही ३६ गाड्या निघतात. मूव्हिंग ब्लॉक म्हटलं की सगळं आपोआप होतं हा समज आधी काढून टाका. बाकी धागा चांगला आहे.

सिग्नल खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जुन्या ट्रॅक सर्किटची बाजू मला घ्यावीच लागेल. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन माणसाने ते शोधलं. रुळाच्या तुकड्याच्या एका टोकाला थोडासा विद्युतदाब द्यायचा, दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच. वीज दोन रुळांतून फिरून रिलेला उचलून धरते, तोवर मार्ग मोकळा. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज तिथूनच परत फिरते, रिले उपाशी पडून खाली गळतो, सिग्नल लाल. आता गंमत बघा. केबल तुटली, बॅटरी संपली, रूळ तडकला, तरी रिले गळतो आणि सिग्नल लालच होतो. काहीही बिघडलं तरी गाडी थांबते. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हा विचार केला होता, आणि आजही कुठल्याही नव्या प्रणालीला पहिला प्रश्न हाच विचारतात: बिघडलीस तर कुठल्या बाजूला बिघडशील?

त्रासही तेवढाच. एकदा रात्री तीनला फोन. रुळावर गाडी नाही आणि सर्किट मात्र भरलेलं दाखवतंय. लाइन सुरू व्हायला दीड तास. दोघे जण टॉर्च घेऊन चालत गेलो. केबल ठीक, फीड ठीक. शेवटी इन्सुलेटेड जॉइंटपाशी, म्हणजे दोन सर्किटांतली वीज वेगळी ठेवणाऱ्या सांध्यापाशी, गुडघ्यावर बसलो. रुळांच्या दोन टोकांमधल्या त्या चपट्या प्लास्टिकवर ब्रेक आणि चाकांतून झडलेली लोखंडाची पूड साचून तिचा काळा चकचकीत पूल झाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा. ब्रश मारला, रिले टक करून उचलला गेला. त्या "टक"साठी आम्ही दोन किलोमीटर चाललो होतो.

लोंबकळता

रिलेकाका, भारी. पण मूळ धाग्यावर माझी शंका आहे. मॉस्कोची मेट्रो कित्येक दशकं ९० सेकंदांच्या आसपासच्या अंतराने धावते आहे. केबिनमध्ये माणूस बसलेला. तिथे वर्षानुवर्षं फलाटाच्या टोकाला एक घड्याळ असायचं, आधीची गाडी जाऊन किती मिनिटं, किती सेकंद झाले ते दाखवणारं. चालकाने ते बघायचं आणि आपली गाडी त्याप्रमाणे हाकायची. म्हणजे शिस्त असेल तर घड्याळ पुरतं. मग हे सीबीटीसी नि चालकविरहित नि काय काय, हा विकणाऱ्यांचा सोस नाही का?

रुळावरचा

मुद्दा तगडा आहे, पण तू दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवतो आहेस. गाड्या जवळ आणणं एक आणि चालक काढणं दुसरं. स्वयंचलनाच्या पायऱ्या असतात. दुसऱ्या पायरीवर गाडी स्वतः धावते, स्वतः थांबते, माणूस दारं बघतो आणि बटण दाबतो. व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली तीच या पद्धतीने. तिसऱ्या पायरीवर केबिन रिकामी, पण गाडीत कर्मचारी असतो, जसा लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेवर. चौथ्या पायरीवर गाडीत कोणीच नाही. कोबेची पोर्ट लायनर १९८१ ची आणि लीलची मेट्रो १९८३ ची, त्यामुळे चौथी पायरीही नवी नव्हे.

चालक काढल्याचा फायदा पगारात दिसतो त्यापेक्षा शेवटच्या स्टेशनावर जास्त दिसतो. गाडी उलट फिरायची तर चालकाला उतरून दुसऱ्या टोकाच्या केबिनपर्यंत चालत जावं लागतं. गाडी दीडशे-दोनशे मीटर लांब, फलाटावर गर्दी. दर ९० सेकंदांनी मागून गाडी येणार असेल तर हे चालणंच सगळी लाइन अडवतं. म्हणून काही ठिकाणी आधीच्या गाडीचा चालक दुसऱ्या टोकाला उभाच असतो, तो ही गाडी घेतो आणि हिचा चालक पुढची. चालकविरहित गाडीत दोन्ही टोकं सारखीच, आली की निघाली.

दुसरा फायदा म्हणजे कुठे अचानक गर्दी झाली तर डेपोतून जादा गाड्या सोडता येतात, कोणाची ड्युटी बसवायची वाट बघावी लागत नाही. पॅरिसने १९०० सालची लाइन १ वाहतूक चालू ठेवून बदलली. फलाटावरचे दरवाजे रात्री बसवत गेले, काही काळ चालकवाल्या आणि चालकविरहित गाड्या एकाच रुळावर मिसळून चालल्या आणि २०१२ च्या अखेरीस काम पूर्ण झालं. मग लाइन ४ त्याच वाटेने गेली. न्यूरेंबर्गने तर फलाटावर दरवाजे न लावता, रुळांवर कोणी पडलं तर ओळखणारे सेन्सर बसवून २००८ पासून हे केलं. नवी लाइन बांधताना हे सोपं, पण चालत्या लाइनचं हृदय बदलायचं म्हणजे खायचं काम नाही.

उभीच_असते

सगळे पुरुष सिग्नलवर बोलताय, दारावर कोणीच नाही! :)

रोजचा अनुभव सांगते. मागच्या आठवड्यात चाळा म्हणून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजलं, दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत. बहुतेक स्टेशनांवर पंचविसेक सेकंद. पण जिथे दोन लाइनी मिळतात तिथे चाळीसच्या पुढे, एकदा तर दार तीनदा उघडलं-मिटलं कारण एकाची पाठीवरची सॅक मधे. मागची गाडी बोगद्यात थांबलेली असणार. तुमचा मूव्हिंग ब्लॉक काय करणार तिथे? नव्वदातले चाळीस सेकंद त्या सॅकने खाल्ले.

रिले_खोली

ताई लाखातलं बोललात. आमच्यात म्हणायचे, सिग्नलवाला दहा सेकंद कमावतो आणि दारवाला वीस घालवतो. गाडीला निघून फलाट मोकळा करायला वेळ, मागचीला आत यायला वेळ, आणि मधे दारं. पहिले दोन तंत्राने कमी होतात. तिसरा माणसांच्या हातात. म्हणूनच पॅरिसच्या आरईआर ए या उपनगरी लाइनवरच्या दुमजली डब्यांना एका बाजूला तीन-तीन रुंद दारं दिली आहेत. दुमजली करून माणसं वाढवली आणि दारं दोनच ठेवली असती तर सगळा फायदा फलाटावरच सांडला असता.

उभीच_असते

आणि फलाटावरच्या काचेच्या दरवाजांबद्दल. ते फक्त नव्या लाइनवर का दिसतात हा प्रश्न मला बरेच दिवस होता. वाचल्यावर कळलं की जुन्या लाइनवर तीन-चार प्रकारच्या गाड्या येतात, कोणाला डब्याला तीन दारं, कोणाला चार, आणि काचेची दारं तर एकाच जागी ठोकलेली. जपानमध्ये यावर दोन उपाय निघालेत. ओसाका स्टेशनाच्या २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या भुयारी फलाटावर अख्खी भिंतच सरकते. येणारी गाडी कुठली ते ओळखून काचेचे पडदे डावी-उजवीकडे हलतात आणि गाडीची दारं असतील नेमकी तिथे उघडतात. व्हिडिओ बघा, भुताटकी वाटते.

दुसरा उपाय मला जास्त आवडला कारण तो स्वस्त आहे. तोक्योच्या असाकुसा लाइनवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. प्रत्येक गाडीत फलाटाच्या दरवाजांशी बोलणारं यंत्र बसवायचं तर फार खर्च. म्हणून त्यांनी गाडीच्या दारांवर सरळ क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवले. फलाटावरचा कॅमेरा ते वाचतो, दार कुठल्या दिशेला सरकतंय ते बघतो आणि काचेचं दार त्याप्रमाणे उघडतो-मिटतो. स्टिकर!

बाय द वे, फलाटावर दारं असलेलं पहिलं भूमिगत स्टेशन १९६१ चं, तेव्हाच्या लेनिनग्राडमधलं पार्क पोबेदी. तिथे काच नव्हती, लिफ्टसारखी लोखंडी दारं होती. गाडी आली हे फक्त आवाजावरून कळायचं.

लोंबकळता

स्टिकरची गोष्ट पटली. बाकी माझा आक्षेप कायम. जितकं सॉफ्टवेअर जास्त तितकं बिघडण्याच्या जागा जास्त.

आकडेमोडे

लोंबकळता यांच्यासाठी खास एक गोष्ट. सिंगापूरची सर्कल लाइन चालकविरहित आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या गाड्या मधेच सिग्नलशी संपर्क तुटून आपोआप करकचून थांबायला लागल्या. मग ते थांबलं, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू. कुठली गाडी, कुठलं ठिकाण, कुठली वेळ, कशातच मेळ लागेना. शेवटी सरकारी डेटा सायंटिस्टांच्या हाती घटनांची यादी दिली.

त्यांनी रेल्वेवाल्यांचा जुना आलेख काढला. एका अक्षावर वेळ, दुसऱ्यावर स्टेशनं, म्हणजे धावती गाडी तिरक्या रेषेसारखी दिसते. त्यावर बिघाडांचे ठिपके टाकले. ठिपके तिरक्या ओळीत पडले, पण थांबलेल्या गाड्यांच्या उलट दिशेने! म्हणजे समोरच्या रुळावरून काहीतरी जात होतं आणि जिच्या जवळून जाईल तिचा संपर्क तोडत होतं. बरं, ती गाडी यादीत असणारच नव्हती, कारण यादी बिघडलेल्या गाड्यांची आणि हिला स्वतःला काहीच होत नव्हतं. त्या त्या वेळी कुठली गाडी कुठे होती ते तपासलं, तेव्हा एकच नंबर पुन्हा पुन्हा आला: पीव्ही४६. तिच्यातल्या एका यंत्रातून चुकीचे सिग्नल बाहेर पडत होते. ती काढली, त्रास संपला.

मी ही गोष्ट नव्या मुलांना शिकवताना वापरतो. गुन्हेगार तुमच्या तक्त्यात असेलच असं नाही.

लोंबकळता

गोष्ट जबरी. पण माझंच म्हणणं सिद्ध झालं ना राव? ट्रॅक सर्किट असतं तर ही भानगडच नसती.

रिले_खोली

थांबा, थांबा. ट्रॅक सर्किटचं मी गुणगान केलं, आता दुसरी बाजूही मीच सांगतो. २२ जून २००९, वॉशिंग्टनची रेड लाइन. एक गाडी पुढे रुळावर उभी होती. तिच्याखालच्या सर्किटमध्ये असा दोष होता की गाडी असूनही रिलेपर्यंत खोटा सिग्नल पोहोचत होता. म्हणजे सर्किट म्हणत होतं मार्ग मोकळा. मागून येणारी गाडी स्वयंचलित होती, तिने वेग घेतला. नऊ माणसं गेली, त्यात मागच्या गाडीची चालकही. "बिघडलं तरी लालच" हा नियम जिथे मोडायला नको होता तिथेच मोडला. त्यानंतर त्या मेट्रोने सगळ्या गाड्या हाताने चालवायला घेतल्या आणि मधला थोडा काळ सोडला तर स्वयंचलन परत आणलं ते थेट डिसेंबर २०२४ मध्ये. पंधरा वर्षं. धक्का कसा बसतो ते बघा.

उलटं उदाहरणही आहे. शांघायची लाइन १०, सप्टेंबर २०११. सिग्नल यंत्रणा बंद पडली, मग फोनवरून सांगून गाड्या हाताने सोडायला लागले आणि त्या गडबडीत एक गाडी दुसरीवर मागून आदळली. यंत्र शहाणपणाने थांबलं होतं, माणसांनी घाई केली. माझ्या मते खरा धोका या मधल्या वेळेत असतो, यंत्र गेलं आणि माणसांना सवय उरली नाही तेव्हा. रोज बटण दाबणाऱ्याला वर्षातून एकदा गाडी हाकायला लावली की हात कापतो. म्हणून काही मेट्रो चालकांना ठरावीक दिवशी मुद्दाम हाताने चालवायला लावतात, आणि ते योग्यच आहे.

विजेरी

सिग्नलवाल्यांच्या गप्पांत विजेचा एक मुद्दा. गाड्या एकमेकींच्या जवळ चालवल्या की वीजही वाचते. मेट्रो ब्रेक मारते तेव्हा मोटर उलटी जनित्र होते आणि वीज तिसऱ्या रुळात, म्हणजे गाडीला वीज पुरवणाऱ्या रुळात, परत जाते. पण ती वीज घ्यायला त्याच क्षणी आसपास कोणी वेग घेणारी गाडी हवी. नसेल तर ती रेझिस्टरमध्ये जाळून टाकतात, बोगदा तापतो, मग तो गार करायला पंखे. दहा मिनिटांनी गाडी असलेल्या लाइनवर बरीच वीज अशी फुकट जाते. वेळापत्रक असं बसवायचं की एक थांबताना दुसरी निघेल, हा संगणकाला आवडणारा खेळ आहे.

ओव्हरहेड तारा नसलेल्या फाट्यांवर बॅटरीवाल्या गाड्या आता नीट चालतात. लिव्हरपूलकडे मर्सीरेलने २०२३ मध्ये हेडबोल्ट लेन स्टेशनापर्यंत तिसरा रूळ न टाकता गाडी बॅटरीवर नेली. हायड्रोजनचा गाजावाजा मात्र ओसरतो आहे. जर्मनीत लोअर सॅक्सनीने २०२२ मध्ये १४ हायड्रोजन गाड्यांचा ताफा चालू केला आणि वर्षभरातच सांगून टाकलं की पुढच्या गाड्या बॅटरीच्या घेणार. विजेपासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून पुन्हा वीज, या फेऱ्यात निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेतच जाते. भौतिकशास्त्राशी भांडून उपयोग नाही.

आकडेमोडे

बसबद्दल कोणी बोलेल का? चीनमधल्या शेन्झेनने २०१७ संपेपर्यंत १६ हजारांवर बसचा ताफा इलेक्ट्रिक करून टाकला. आणि ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ पासून बसला स्वतंत्र मार्गिका दिली, पुढे तिकीट आधी काढून सपाट चढायची सोय असलेले थांबे आणले. दाराचा जो मुद्दा ताईंनी मांडला तो तिथे बसवाल्यांनी कधीच सोडवला होता.

रुळावरचा

बसचा वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. :)

रिलेकाका, शेवटचा प्रश्न. तंत्र तयार आहे, अनुभव आहे, तरी नव्या लाइनींना उशीर का होतो?

रिले_खोली

सांधे. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ ला सुरू व्हायची होती, झाली २४ मे २०२२ ला. कारणं बरीच होती, पण एक मोठं म्हणजे एकाच गाडीला तीन सिग्नल प्रणाली समजायला हव्या होत्या. मधल्या बोगद्यात सीबीटीसी, हीथ्रोच्या बाजूला युरोपीय ईटीसीएस, आणि बाकी भागात जुनी ब्रिटिश पद्धत. धावता धावता एकीतून दुसरीत शिरायचं आणि प्रवाशाला कळूही नये. तीनही प्रणाली आपापल्या जागी उत्तम. घोळ शिवणीवर.

हाँगकाँगला मार्च २०१९ मध्ये रात्री नव्या सिग्नलची चाचणी चालू होती. मुख्य संगणक गेला तर दुसरा, तोही गेला तर तिसरा अशी सोय. चाचणीत तिसऱ्याकडे सूत्रं दिली आणि त्याच्याकडे दोन मार्ग जिथे मिळतात त्या जागेची माहितीच नव्हती. दोन गाड्यांना एकदमच जायला सांगितलं. प्रवासी नव्हते म्हणून निभावलं. अडीअडचणीला ठेवलेल्या वस्तूची चाचणी कोणी मनापासून घेत नाही, घरातल्या टॉर्चसारखं.

लोंबकळता

काका, ते सगळं मान्य. एक सांगा, त्या रात्री जॉइंटवर मारलात तो ब्रश तारेचा होता का? आमच्या वर्कशॉपात सगळं तारेच्या ब्रशनेच घासतात.

रिले_खोली

तारेचा ब्रश जॉइंटवर? त्याच्याच तारा तुटून तिथे पडतील आणि मी पुन्हा रात्री तीनला उठेन. नायलॉनचा. अजून आहे माझ्याकडे, आता त्याने खिडकीच्या खाचा साफ करतो.